अंगठ्याखालचा ळ

मराठी लिहिणाऱ्याची करंगळी हा साहित्यविचाराचा विषय मानण्याची आपल्याकडे पद्धत नाही. बोरू, दौत, टाक, कागद यांच्याविषयी आपण ममतेने बोलतो. अक्षराच्या वळणावरून पोथीचा काळ ठरवू पाहणाऱ्या संशोधकांविषयी आदर बाळगतो. पण आज लेख, प्रबंध आणि अनुवाद ज्या कळफलकावर लिहिले जातात त्याविषयी बोलायची वेळ आली, की तो विषय तंत्रज्ञांकडे सोपवून आपण मोकळे होतो. वास्तविक मराठीने या बाबतीत आपल्याला चांगला इशारा देऊन ठेवला आहे. यंत्राची कळ, बोटातून उठणारी कळ, एखाद्या गोष्टीतली नेमकी युक्ती म्हणजे तिची कळ, आणि नारद लावतो ती कळ, या सगळ्यांना आपल्याकडे एकच शब्द आहे. प्रस्तुत लेखात या चारही अर्थांचा थोडाफार संबंध येईल.

मी मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी वापरते. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण मानली आणि १९९१ मध्ये आयएस १३१९४ या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. ही मांडणी वर्णमालेच्या शास्त्रावर उभी आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. क दाबला तर क, शिफ्टसह दाबला तर ख. त आणि थ, द आणि ध, प आणि फ यांचेही तसेच. अल्पप्राण तळमजल्यावर, महाप्राण माडीवर. वेलांटी खाली, पूर्ण इ वर. एकदा हे सूत्र कळले की पाठांतर फारसे उरत नाही. शिवाय हीच मांडणी कन्नड, तेलुगू, गुजराती, बंगाली अशा अनेक लिप्यांना समान आहे. लिपी बदलली तरी वर्णाची जागा तीच राहते. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ही रचना सुंदर वाटावी, आणि ती आहेही.

अडचण येते ती भाषेचा वापर व्याकरणाच्या आखणीप्रमाणे चालत नाही म्हणून. मांडणीत ल तळमजल्यावर आणि ळ त्याच्या माडीवर आहे. म खाली आणि ण वर. प्रमाण हिंदीत ळ नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत मात्र शाळा, वेळ, काळ, केळ, बाळ, आभाळ, सगळे आणि वेगळे हे सारे ळवर चालते. ‘आणि’ या शब्दाखेरीज मराठीतले पान पुरे होत नाही. त्याच्या तीन कळांपैकी दोन, म्हणजे आ आणि ण, शिफ्ट मागतात. ‘शाळा’ या शब्दात चारांपैकी दोन. खुद्द ‘कळफलक’ या शब्दात पाचांपैकी दोन. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांची यातून सुटका झाली असे समजू नये. बहुतेक लिप्यंतर पद्धतींत ळ आणि ण यांच्यासाठी मोठे एल आणि मोठे एनच लागतात. शिफ्ट दाबायची ती करंगळीने, म्हणजे हातातल्या सर्वांत दुबळ्या बोटाने. एका लांबलेल्या अनुवादाच्या काळात माझ्या डाव्या करंगळीतून मनगटापर्यंत कळ येऊ लागली, तेव्हा हा विषय माझ्यापुरता तंत्रज्ञांच्या हातून निसटला.

आता यंत्राच्या पोटात थोडे डोकावणे भाग आहे. कळफलक संगणकाला अक्षर पाठवतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो अक्षर पाठवत नाही. कळफलकात एक छोटा संगणकच असतो. कळांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते, आणि कुठली आडवी तार कुठल्या उभ्या तारेला टेकली हे तो सतत तपासत असतो. त्यावरून तो मोठ्या संगणकाला एक आकडा कळवतो. एची कळ दाबली की ४, सीची दाबली की ६, एनची दाबली की १७. शिफ्ट दाबलेले आहे की नाही याची खूण वेगळी. मग १७ म्हणजे एन समजायचे की ल, हे संगणक त्याच्याकडे निवडलेल्या भाषेप्रमाणे ठरवतो. माझा ळ कळफलकाच्या लेखी ‘शिफ्ट आणि १७’ एवढाच असतो. कळफलकाच्या पोटातल्या संगणकाला हे सारे शिकवणारी जी आज्ञावली, तिला फर्मवेअर म्हणतात.

बाजारातल्या बहुसंख्य कळफलकांत ही आज्ञावली कारखान्यात भरली जाते आणि वापरणाऱ्याला ती दिसतही नाही. परंतु गेल्या दशकभरात मुक्तस्रोत फर्मवेअरचा एक वेगळा प्रवाह चांगलाच रुजला. जून वाको यांनी लिहिलेल्या टीएमके या फर्मवेअरपासून जॅक हंबर्ट यांनी क्यूएमके ही शाखा काढली. ‘क्वांटम मेकॅनिकल कीबोर्ड’ असे तिचे भारदस्त नाव आहे, आणि पुढे असंख्य लोकांच्या हातून ती वाढली. तिचा सगळा मजकूर कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, बदललेला इतरांना देता येतो. कॉर्नेसारख्या कळफलकांचे आराखडेही याच वृत्तीने खुले ठेवलेले आहेत. माझा कळफलक त्याच जातीचा आहे: दोन हातांसाठी दोन वेगळे तुकडे, एकूण ४२ कळा, आणि प्रत्येक अंगठ्याला तीन.

४२ कळांत सगळे कसे मावते, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर थर हे आहे. एक कळ दाबून धरली की संपूर्ण फलकाचा अर्थ बदलतो. अक्षरांच्या जागी आकडे येतात, आणखी एक धरली की विरामचिन्हे. वरच्या थरात एखादी कळ ‘पारदर्शक’ म्हणून सोडता येते. ती दाबली तर खालच्या थरातला अर्थ लागू होतो. हे सगळे ज्या फाईलीत लिहायचे ती सी या संगणकीय भाषेतली एक छोटी फाईल असते. लोक तिच्यात टिपांच्या जागी रेघा आणि दांडे वापरून कळफलकाचे चित्रही काढून ठेवतात, म्हणजे वाचणाऱ्याला कोड न उलगडताही मांडणी दिसावी. (त्या चौकटींत देवनागरी अक्षरे लिहिली की चित्राच्या रेघा हमखास सरकतात, पण ते असो.)

अशी फाईल कोऱ्या पाटीवर कुणी लिहीत नाही. कुणाची तरी मांडणी उतरवून घ्यायची आणि आपल्याला हवे ते बदलायचे, ही इथली रीत आहे. क्यूएमकेच्या मुख्य भांडारात प्रत्येक कळफलकाच्या नावाचे एक दालन असे, आणि त्याच्या आत मांडण्यांचे दालन. तिथे ‘डीफॉल्ट’ नावाची एक मूळ मांडणी आणि तिच्या शेजारी माणसांच्या नावांनी रांगेने लावलेल्या इतर मांडण्या. पोथ्यांच्या संग्रहात एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती एका फडताळात ठेवलेल्या असतात, त्याची मला तिथे आठवण होई. प्रत्येक प्रत तोच ग्रंथ, आणि प्रत्येकीत लेखनिकाचा हात वेगळा.

मी उतरवून घेतलेली मांडणी एका प्रोग्रामरची होती आणि ती अतिशय विचारपूर्वक केलेली होती. तिच्यावर मराठी लिहू लागताच मात्र तिच्यातला प्रत्येक विचार इंग्रजीत केलेला आहे हे ध्यानात येऊ लागले. पहिला साक्षात्कार ड या अक्षराने घडवला. इनस्क्रिप्टमध्ये ड आणि ढ चौकटी कंसाच्या कळेवर असतात. ज्याची मांडणी मी घेतली त्याला चौकटी कंस गद्यात क्वचितच लागत असणार. त्याने ते तिसऱ्या थरात नेऊन ठेवले होते. त्यामुळे माझा डोंगर, झाड, वेडा, थोडे, गाडी हे सगळे तिसऱ्या थरात गेले. इंग्रजीतल्या एका विरामचिन्हाची अडगळ आणि मराठीतला एक मूर्धन्य वर्ण एकाच खोलीत राहत होते, आणि अडगळ आवरणाऱ्याला तो दिसलाही नव्हता. त्याचा यात काही दोष नाही. त्याच्या भाषेत तिथे कुणी राहतच नव्हते.

दुसरा प्रकार अधिक उद्बोधक आहे. लहान कळफलकांवर एक युक्ती लोकप्रिय आहे: मधल्या ओळीतल्या अक्षरांच्या कळांनाच शिफ्ट, कंट्रोल ही जादा कामे द्यायची. कळ चटकन दाबून सोडली तर अक्षर, दाबून धरली तर शिफ्ट. किती वेळ म्हणजे धरणे याची मर्यादा ठरवता येते. क्यूएमकेमध्ये मूळ मर्यादा २०० मिलिसेकंद आहे. त्या मर्यादेच्या आतही, पहिली कळ खाली असताना दुसरी पूर्ण दाबून सोडली तर पहिलीला शिफ्ट मानावे, अशी सोय करता येते. पण भरभर लिहिताना बोटे एकमेकांवर आदळतात आणि गफलत होते. म्हणून एक संरक्षक नियम जोडतात: दुसरी कळ विरुद्ध हाताची असेल तरच पहिलीला शिफ्ट मानायचे, त्याच हाताची असेल तर ते अक्षरच. इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या अनुभवात हा नियम पुष्कळ गफलती टाळतो.

माझ्या घेतलेल्या मांडणीत डीच्या कळेवर शिफ्ट होते. इनस्क्रिप्टमध्ये डीच्या कळेवर हलन्त आहे, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याची खूण. आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. म्हणजे मराठीत जोडाक्षर लिहिणे हे जवळजवळ दर वेळी डाव्या हाताने पाय मोडून उजव्या हाताने पुढचे व्यंजन ठेवण्याचे काम आहे. इंग्रजीला वाचवणारा विरुद्ध हाताचा नियम मराठीत नेमका जोडाक्षरावर येऊन कोसळतो. ‘पुस्तक’ लिहिताना डावे बोट हलन्तावरून उचलायला किंचित उशीर झाला, की फर्मवेअर हलन्ताला शिफ्ट समजते, त वर चढून थ होतो, आणि पडद्यावर ‘पुसथक’ उमटते. ‘रस्ता’चा ‘रसथा’ होतो. हे अशुद्धलेखन कुठल्याही व्याकरणात सापडणार नाही. एका भाषेसाठी केलेली सोय दुसऱ्या भाषेत कशी चुकते, याचा तो अगदी अचूक लेख आहे.

मग मी माझी मांडणी लिहायला घेतली. चौकटी कंसाची कळ, म्हणजे माझा ड, पहिल्या थरात वरच्या ओळीच्या टोकाला आणली. शिफ्ट मधल्या ओळीतून काढून डाव्या अंगठ्याला दिले. उजव्या अंगठ्याला स्पेस, आणि त्याच्या शेजारच्या दोन कळा ळ आणि ण यांना. त्यासाठी लिहावे लागते ते फारच थोडे: या कळेवर ‘शिफ्ट आणि एन’ पाठव, या कळेवर ‘शिफ्ट आणि सी’ पाठव. प्रमाण मांडणी जशीच्या तशी राहते. संगणकाला कळतही नाही की माझी करंगळी हललेली नाही. अंगठा हे हातातले सर्वांत बलवान बोट, आणि शतकभराहून अधिक काळ टंकलेखनात त्याला शब्दांमधली मोकळी जागा सोडण्यापलीकडे काम नव्हते. आता तो ‘आभाळ’ लिहितो.

ऱ्यासाठी वेगळी तजवीज करावी लागली. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक मराठीच्या प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी फळ्यावर लिहून दाखवला आहे. एकात विद्वान आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा दुसरा, पापणीसारखा वाकलेला र लिहायला शिफ्टसह र, मग हलन्त, मग य अशा कळा लागतात. क्यूएमकेमध्ये दोन कळा एकदम दाबल्या तर तिसरेच काही घडावे, अशी जोडी बांधता येते. मी र आणि य यांची जोडी बांधली. दोन्ही एकदम दाबले की ‘ऱ्य’. फाईलीत मात्र तिथे मराठीचे नावनिशाण नाही. तिथे दिसते ते मोठे जे, छोटे डी आणि एक तिरपी रेघ. तो ‘ऱ्य’ आहे हे मी स्वतःही महिन्याभराने ओळखले नसते. म्हणून शेजारी टीप लिहिली: ‘दुसऱ्या, साऱ्या, वाऱ्यावर यांसाठी. दर्या आणि दऱ्या वेगळे राहावेत.’

या स्वातंत्र्याला एक कुंपणही आहे. कळफलकाकडून ळ हे अक्षर म्हणूनच पाठवता आले तर संगणकाच्या भाषानिवडीची गरजच उरणार नाही, असे वाटते. पण कळफलकांसाठीच्या यूएसबी मानकात ळ पाठवण्याची तरतूद नाही. तिथे फक्त कळांचे क्रमांक जातात. युनिकोड अक्षरे पाठवण्याच्या ज्या युक्त्या क्यूएमकेमध्ये आहेत, त्या प्रत्येक कार्यप्रणालीला वेगळ्या कळा दाबून ते अक्षर घडवायला लावणाऱ्या आहेत, आणि लेखभर मजकुराला त्या पुरत नाहीत. शिवाय संगणक सध्या मराठीत आहे की इंग्रजीत, हे कळफलकाला कळत नाही. एकाच कळेने दोघांचीही भाषा बदलावी अशी व्यवस्था मी केली आहे. पण मी माउसने भाषा बदलली की दोघांची फारकत होते, आणि माझा अंगठा ‘काळ’ लिहू जातो तेव्हा इंग्रजीत मोठा एन उमटतो. द्विभाषिक माणसाला ही अवस्था नवी नाही.

आता जो मुद्दा मला मुख्यतः मांडायचा आहे त्याकडे येते. मांडणी बदलणे तितके कठीण नाही. चार संध्याकाळी पुरतात. ती दुसऱ्याला देण्याजोगी करणे हे वेगळे काम आहे. क्यूएमके ज्या जीपीएल परवान्याखाली आहे, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत एक अट आहे. तुम्ही फाईल बदलून पुढे देत असाल तर ती बदलल्याची आणि कोणत्या तारखेला बदलली याची ठळक नोंद त्या फाईलीवर असली पाहिजे. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला ही अट वाचून गंमत वाटेल. आपल्याकडे ग्रंथ हातांनी उतरले तेव्हा लेखनिकांनी ओव्या घातल्या, गाळल्या, शब्द बदलले. त्यातले बहुतेक बदल निनावी होते. म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध करावा लागला, आणि यापुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावावे लागले. १९०९ मध्ये राजवाड्यांनी जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, त्यानंतर मूळ पाठ कोणता हा वाद पुन्हा नव्याने चालू झाला, आणि तो अभ्यासकांना आजही पुरला आहे.

एकनाथांची मनाई आणि परवान्याची मुभा या दोन टोकांच्या गोष्टी वाटतात. पण दोघांना भीती एकाच गोष्टीची आहे, निनावी बदलाची. एकनाथ म्हणतात, भर घालू नका. परवाना म्हणतो, खुशाल घाला, पण सही करा आणि तारीख टाका. संताच्या ग्रंथाला पहिली वाट योग्य होती, कारण तिथे राखायचा होता तो एक पाठ. कळफलकाच्या मांडणीत राखण्याजोगा एक पाठ असा नाहीच. राखायची असते ती बदलाची परंपरा. सहीनिशी केलेला प्रक्षेप हा प्रक्षेप उरत नाही, तो पाठभेद होतो, आणि पाठभेद वाचता येतो.

परंतु सही आणि तारीख एवढ्याने काम भागत नाही, असे माझे मत आहे. परवाना ‘का’ विचारत नाही. मी ज्याची मांडणी घेतली त्याच्या फाईलीत सही होती, तारीख होती, बदलांची नोंद होती. चौकटी कंस तिसऱ्या थरात का गेले याचे कारण नव्हते. ते एका ओळीत लिहिलेले असते, ‘मला हे क्वचित लागतात’ एवढेच, तर माझ्यासारख्या परक्या वाचकाला पहिल्याच दिवशी कळले असते की हा निर्णय त्याच्या भाषेचा आहे, कळफलकाचा नव्हे. कारण न सांगितलेली सोय पुढच्या माणसाला नियम वाटते. डीफॉल्ट हा शब्द याच रीतीने जन्माला येतो. म्हणून मी माझ्या फाईलीत प्रत्येक हलवलेल्या कळेशेजारी मराठीत एक वाक्य लिहिले. कोड थोडा आणि टिपा फार, अशी तिची अवस्था झाली. एखाद्या प्रोग्रामरला ती पाल्हाळिक वाटेल, भाष्यग्रंथ वाचलेल्याला वाटू नये.

त्या टिपांचा उपयोग झाला तो मला अपेक्षित नसलेल्या ठिकाणी. माझी एक विद्यार्थिनी मराठीतून कन्नडात अनुवाद करते. तिने फाईल मागितली, आणि आठवड्याभराने तिचे पत्र आले: “मॅडम, तुमचा ळ कन्नडातही चालतो. काहीच बदलावे लागले नाही.” इनस्क्रिप्टमध्ये कन्नड ळही त्याच जागी, शिफ्टच्या माडीवर आहे; ण देखील. ज्या समान मांडणीने माझा ळ वर नेऊन बसवला होता, तिच्याचमुळे माझी अंगठ्याची कळ एका अक्षराचाही फेरफार न करता कन्नडात गेली. प्रमाणीकरणावर मी जो राग धरला होता त्याचा हिशेब मला त्या दिवशी पुन्हा मांडावा लागला. सर्वांना समान असलेली पायरी कुणाच्याच पावलाच्या मापाची नसते, हे खरे. पण एकाच्या पायरीवरून दुसऱ्याच्या घरात शिरता येते ते तिच्यामुळेच.

तिने पुढे आणखी एक गोष्ट केली. कन्नडात द्वित्व फार. अल्लि, इल्ल, हळ्ळि, कळ्ळ. पावलोपावली एक व्यंजन, हलन्त आणि तेच व्यंजन पुन्हा. क्यूएमकेमध्ये मागची कळ पुन्हा दाबल्याचा परिणाम घडवणारी सोय आहे. तिच्या आधी हलन्त जोडून तिने द्वित्वाची एक स्वतंत्र कळ तयार केली: व्यंजन लिहा, ही कळ दाबा, ते दुप्पट होते. तिची फाईल माझ्याकडे परत आली तेव्हा ती कळ मी मराठीत वापरून पाहिली. पक्का, हट्ट, अन्न, गल्ली, पत्ता, रद्द, चक्क. मराठी इतकी वर्षे लिहिताना द्वित्व हा काही वेगळा नमुना आहे आणि त्याला वेगळी जागा देता येईल, असे मला कधी सुचले नव्हते. ते सुचायला मराठीच्या शेजारी कन्नड ठेवून पाहणारी नजर लागली. दोन भाषांच्या सरहद्दीवर आपण इतकी भांडणे पाहिली आहेत, की तिथून एखादी कळ अशीही येते हे नमूद करून ठेवावेसे वाटते.

आता एक सार्वजनिक घटना. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्यूएमकेच्या मुख्य भांडारातून व्यक्तिगत मांडण्या काढण्यात आल्या. ज्याने त्याने आपली मांडणी आपल्या स्वतंत्र भांडारात ठेवावी, अशी व्यवस्था त्याआधीच करून दिलेली होती. कारण समजण्यासारखे आहे. फर्मवेअरच्या गाभ्यात काही बदलले की शेकडो परक्या फाईली दुरुस्त करीत बसण्याचे काम सांभाळणाऱ्यांवर पडे, आणि त्यांतल्या कित्येकांचे मालक केव्हाच निघून गेलेले असत. काढलेल्या मांडण्या जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात शिल्लक आहेत. जाणीवपूर्वक शोधणाऱ्याला त्या सापडतील. तरीही एक गोष्ट त्यात हरवली. पूर्वी एका कळफलकाच्या दालनात शिरले की शेजारच्या प्रती आपोआप दिसत. कुणी फ्रेंचसाठी काय केले, कुणी जर्मनसाठी काय केले, हे शोधायला न जाता नजरेस पडे. आता आपल्याला ज्याचे नाव ठाऊक असेल त्याच्याकडेच आपण जातो. ग्रंथालयात पुस्तक मागून घेणे आणि फडताळांमधून हिंडणे यांतला फरक साहित्याच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच टिपेचे महत्त्व आता वाढले आहे असे मला वाटते. शेजार संपला की प्रत्येक फाईलीला एकटीने बोलावे लागते. जी आपले कारण सांगू शकत नाही ती चालत राहील, पण तिच्याकडून कुणाला काही शिकता येणार नाही. आपल्याकडे मराठी संगणकावर यावी याची चर्चा गेली काही दशके चालली आहे आणि ती बहुधा सरकारने काय करावे या दिशेने जाते. सरकारने करावे ते करावेच. परंतु आपली भाषा कुठल्या बोटाने लिहिली जाते, तिच्यात कुठली अक्षरे वरचेवर येतात, कुठे तिचा पाय मोडतो, हे ओळखण्याचे काम ती वाचणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे आहे, आणि त्यासाठी लागणारे साधन आता आपल्या हातात बदलण्याजोगे आहे.

माझी फाईल आणि विद्यार्थिनीची फाईल या आता दोन वेगळ्या शाखा आहेत आणि पुन्हा एक होतील असे दिसत नाही. त्याची गरजही नाही. तिच्या प्रतीतल्या टिपा कन्नडात आहेत, मला त्या तिच्याकडून वाचून घ्याव्या लागतात. मात्र र आणि य यांच्या जोडीशेजारी माझी मराठी टीप तशीच आहे. कन्नडाच्या थरात ती जोडी तिने बंद केली आहे, मराठीच्या थरात चालू ठेवली आहे, आणि खाली तारखेसह मराठीतच एक ओळ जोडली आहे: ‘कन्नडात लागत नाही. काढू नये.’